बाजूला व्हा, रेघ मोडायलीय

काम करणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि काम टाळणारी त्याहून पुष्कळ. पण कामाच्या आधी बसणारा माणूस आमच्या सासऱ्यांसारखा अख्ख्या मोगलाईत दुसरा झाला नाही. बसणं हाच त्यांचा मूळ धंदा. दुबलगुंडीची काळी जमीन, दोन बैलजोड्या, तूर आणि जोंधळा हे सगळं जोडधंद्यात मोडायचं. थोरल्या भावाचं कुटुंब एकत्र होतं म्हणून नांगर चाले आणि चूल पेटे. यांच्यावर सोडलं असतं तर हे आधी नांगराकडे बघत बसले असते, मग जमिनीकडे, आणि तोवर पुढच्या सालचा मृग निघाला असता. बसायचे तेही उकिडवे, दोन्ही कोपर गुडघ्यांवर, हातात शिंदीची काडी चावून केलेला कुंचला आणि समोर भिंत. चित्रं काढायचा त्यांना नाद होता. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, आणि "अप्पा काय करायलेत?" असं कुणी विचारलं की घरातून ठरलेलं उत्तर यायचं, "बसलेत."

मी तेव्हा हुमनाबादच्या सरकारी शाळेत उर्दूतून भूमिती शिकवत होतो. शेरवानी, रुमी टोपी, महिन्याच्या महिन्याला पगार. खोटं कशाला बोलू, मी स्वतःला अंमळ मोठाच समजत होतो. पहिल्या दिवाळसणाला दुबलगुंडीला निघालो तेव्हा माझी कल्पना अशी की सासरे वेशीपर्यंत सामोरे येतील, चार माणसांत नाव घेतील. गाडी दारात सुटली तरी सासरे ओसरीत भिंतीकडे तोंड करून उकिडवेच. मान न वळवता म्हणाले, "आलाव व्हय मास्तर? बसा. भिंत वाळायलीय."

"कधीपासून वाळतेय?" मी विचारलं.

"तीन सालं झाली की."

गाडीच्या धक्क्यांनी पाठ मोडून आली होती, म्हणून मी मुकाट्यानं त्याच भिंतीला टेकून बसलो. टेकलो मात्र, सासरे विंचू चावल्यासारखे ओरडले, "अवो, तिथं टेकू नगा! मानूस हाय तिथं!" मी दचकून उठलो, मागं पाहिलं. माणूसबिणूस कुणी नव्हतं. डावीकडे एक आड रंगवलेला होता, उजवीकडे लिंबाचं झाड, झाडावर दोन पोपट, वर वेलबुट्टीची किनार, खालून गेलेली पायवाट. आणि बरोब्बर मधोमध एक बाईमाणूस उभं राहील एवढी जागा कोरी ठेवलेली होती. सारवून, घोटून, पुन्हा सारवून ती अशी गुळगुळीत केली होती की माझ्या शेरवानीचा पाठीचा डाग तिथं स्वच्छ दिसत होता. दिवाळीचे चार दिवस सासरे तो डाग काढत होते, आणि मी अनारसे खात त्यांच्याकडे रागानं बघत होतो.

त्यांचं एकेक शास्त्र असायचं. रंग डोळ्यांनी ओळखणारा माणूस त्यांच्या लेखी आंधळा. बिदरला काळ्या भांड्यावर चांदीची तार ठोकणारे कारागीर किल्ल्यातली माती जिभेला लावून पारखतात, हे त्यांनी तरुणपणी कुठंतरी उभं राहून पाहिलं होतं. झालं, तेव्हापासून हे दिसेल ते चाखत सुटले. बिदरकडची तांबडी माती, आमच्याकडची काळी, गेरू, काजळ, हिरडा. एकदा कळीचा चुना चाखला आणि अर्धा दिवस बोबडं बोलत हिंडले. एकदा मी परीक्षेच्या वह्या तपासायला बरोबर नेल्या होत्या. सकाळी उठून बघतो तर दौत रिकामी, सासरे ओसरीत बसलेले आणि त्यांची जीभ निळीशार! शेजाऱ्यानं ते पाहिलं, साप चावला म्हणून बोंब ठोकली, गावातला वैद्य धावत आला, त्यानं हाताला दोरीही बांधली. सासरे शांतपणे म्हणाले, "साप न्हाई, मास्तरची शाई हाय. कडू हाय. पर रंग पक्का." जेवतानाही हीच तऱ्हा. थोरल्या भावाच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, वाढलेलं पिठलं बोटावर घेऊन उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी हाय. पर पिवळा झकास जमलाय." काकू बिचाऱ्या या एका वाक्यावर इतकी वर्षं स्वयंपाक करत आल्या होत्या.

ज्येष्ठातल्या पुनवेला आमच्याकडे कारहुणवी होते. बैलांना धुऊन, शिंगं रंगवून गावातून मिरवतात. अख्खं गाव आपापले बैल घेऊन सकाळीच यांच्या दारात उभं राहायचं. हे एकेका बैलासमोर जाऊन बसायचे. बैल यांच्याकडे बघतोय, हे बैलाकडे बघतायत, ऊन चढतंय, वाजंत्री वेशीत येऊन थांबलीय. "अप्पा, घाई करा की!" म्हटलं तर, "मला घाई न्हाई, बैलाला न्हाई, तुलाच कामून?" शेवटी मिरवणूक निघायची तेव्हा दोन जोड्या रंगलेल्या असायच्या आणि एका बैलाचं एकच शिंग. पण ते एक शिंग! बुडातून उठून टोकाला जाणारी ती लाल रेघ बघायला हळ्ळीखेडच्या बाजारची माणसं वाट वाकडी करून येत. म्हणून तर गावानं त्यांना सोसलं, नाहीतर त्यांनी कधीच मार खाल्ला असता.

मी भूमितीचा मास्तर, त्यामुळे रेघ हा आमच्या दोघांच्या भांडणाचा विषय असणार हे उघडच होतं. मी एकदा त्यांना समजावून सांगितलं की रेघेला लांबी असते, रुंदी नसते. ते ऐकून बसले. रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला, न्याहारी झाली, आणि मग म्हणाले, "मास्तर, रुंदी न्हाई तर ती दिसती कशी?"

"दिसत नाही. नुसती असते."

"मग पोरास्नी फळ्यावर काय दावताव?"

मी म्हटलं, तुम्हाला ते समजायचं नाही. तर हे म्हणाले, "तुमी पुस्तकातली रेघ वळखताव. माझं ऐका. रेघ म्हंजे कोन तरी कुठं तरी जायलंय. कोन जायलंय त्ये कळ्ळं की मग वढायची. तवर बसायचं." मी मनात म्हटलं, बरं झालं हे मास्तर झाले नाहीत, पोरं म्हातारी झाली असती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्या पहिल्या दिवाळीत निघताना जे झालं ते मला फार लागलं. मी हैदराबाद पाहिलेला, चार पुस्तकं वाचलेला माणूस. बायकोनं नवऱ्याच्या मागून दहा पावलांवर चालायचं ही रीत मला पसंत नव्हती. मी माझ्या बायकोच्या, गोदाच्या, शेजारून चालायचो, तिच्या हातातलं गाठोडंही मीच घ्यायचो. लोक हसायचे, मला त्यात भूषण वाटायचं. तर आम्ही दोघं वेशीकडे निघालो. गाडी ओढ्यापाशी उभी होती. पोचवायला आलेलं निम्मं गाव मागं उभं. आणि वेशीतल्या कट्ट्यावर बसलेले सासरे एकाएकी कडाडले, "जावईबापू, बाजूला व्हा! रेघ मोडायलीय!"

सगळं गाव खो खो हसलं. जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात, आणि या ग्रहाला भर वेशीत बाजूला सारलेलं! मी गाठोडं घेऊन बांधावरून, बाभळीच्या काट्यांतून चालत गाडीपर्यंत गेलो. गाडीत बसल्यावर गोदाला सुनावलं, "तुझ्या बापाच्या घरी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. भिंतीला टेकू देत नाहीत, रस्त्यानं चालू देत नाहीत."

गोदा माझ्या शेरवानीतले काटे काढू लागली. मग म्हणाली, "त्या भितीवर माझी आई यायचीय."

तेव्हा मला कळलं. गोदा दीड वर्षाची असताना तिची आई साथीच्या तापात गेली. फोटो वगैरे काढायची कुणाची ऐपत नव्हती आणि कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आई दिसायला कशी होती हे गोदाला ठाऊकच नव्हतं. "दर सालाला म्हनत्यात, औंदा काढतो. मी चार सालांची होते तवापासनं रोज उठून आधी भितीकडं बघायची," ती म्हणाली. "मला एकदा तिचं तोंड बघायचंय, दुसरं काई नगं." यावर रुसून बसणं मला जमलं नाही. त्या एका कोऱ्या जागेकडे लहानपणभर बघणारी पोर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तरी सांगतो, पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला मी गेलो नाहीच. राग तो राग.

पुढं गोदाला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला दुबलगुंडीला पोचवली, तेव्हा तिनं ओसरीत पाऊल ठेवताच बापाला बजावलं, "अप्पा, माझं लेकरू यायच्या आत आईचं तोंड दावा. लोक म्हनतील, आजीवाणी हाय. मग मी काय म्हनू? व्हय म्हनू का न्हाई म्हनू?"

सासरे कामाला लागले. म्हणजे बसलेच, पण या खेपेला शेजारच्या ईरक्काच्या दारात. ईरक्का त्यांच्याहून वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. तिला सगळ्या गावाची वंशावळ पाठ. सोमवारी ती गोदाच्या आईचं नाव घेऊन म्हणाली, "भागाक्काचं नाक म्हंजे चाफेकळी." यांनी गोठ्याच्या भिंतीवर चाफेकळी काढली. मंगळवारी ईरक्का म्हणाली, "चाफेकळी माझ्या नणंदंचं रे. भागाक्काचं जरा बसकं." बसकं काढलं. मग लांब झालं, मग नथ घालून झालं, मग "इतकं मोठं असतं तर आमी हसलो नसतो काय?" म्हणून पुसलं गेलं. मी आमच्या शाळेच्या शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीला एक दिवस जोडून गेलो तेव्हा गोठ्यात सात नाकं होती आणि बैलांनी कडब्याला तोंड लावणं सोडलं होतं. रंगाचीही तीच गत. ईरक्का सकाळी गोरी म्हणायची, दिवेलागणीला निमगोरी. शेवटी वैतागून म्हणाली, "बायकू तुजी! मला कामून इचारायलास?"

सासरे तिथून उठले. ते आपणहून उठले हेच इतकं नवल होतं की मी त्यांच्या मागं गेलो. शेताच्या बांधावर जाऊन ते बसले. मी शेजारी बसलो. मास्तरकीची सवय, म्हणून थोडा दरडावलोही, "अप्पा, सोळा वर्षं झाली. ती पोर कुढतेय. काढून टाका एकदाचं तोंड."

"मास्तर, मला तोंड ठाव न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुमी शिकलेली मानसं. बायकूसंगं बोलताव, शेजारनं चालताव. आमच्या वक्ताला आबा ओसरीत, आई चुलीम्होरं, थोरला भाऊ गोठ्यात. दिवसा बायकूकडं मान वर करून बघितलं तर आई म्हनायची, लाज हाय का न्हाई? तिचा पदर हितवर." त्यांनी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. "चार सालं संसार झाला. तोंड बघितलं त्ये चिमनीच्या उजेडात, निम्मं निम्मं. आता कुठलं निम्मं त्येबी ध्यानात न्हाई. पर सकाळी ती आडावर जायची तवा मी ओसरीत बसायचो. पाठमोऱ्या बायकूकडं बघितलं तर कोन रागं भरंल? म्हनून बसायचो. बसायची सवय तितनं लागली."

एवढं सांगून त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ उचललं, सवयीनं जिभेपर्यंत नेलं आणि तसंच खाली ठेवलं. मला फार वाईट वाटलं. ज्यांच्या बसण्यावर मी शाळेतल्या मास्तरांना नकला करून हसवलं होतं, ते बसणं हे होतं होय? मी म्हटलं, "मग गोदाला सांगून टाका." तर म्हणाले, "नगा सांगू. तिनं तोंड मागितलंय. बापाला आईचं तोंड ठाव न्हाई हे लेकीला कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. मी जेवून हुमनाबादला निघणार होतो. काकूंनी मला आणि सासऱ्यांना ओसरीतच ताटं मांडली होती. गोदानं लहान कळशी उचलली. काकू ओरडल्या, "अगं, आठवा लागंल आता, तू कशाला जायलीस?" पण ती आमच्या समोरून निघालीच. मी तिच्या हातातली कळशी घ्यायला उठलो, आणि सासरे म्हणाले, "मास्तर, बाजूला व्हा."

या वेळी ते ओरडले नव्हते. मी झालो बाजूला. गोदा दारातून बाहेर पडून आडाच्या वाटेला लागली. सासऱ्यांनी ताट सरकवलं आणि उभे राहिले. कुंचला हातात असताना त्यांना उभं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काजळाच्या वाटीत कुंचला बुडवला, चाखलासुद्धा नाही, आणि त्या कोऱ्या जागेत डोक्यावरच्या पदरापासून एक रेघ सोडली. ती मानेवरून उतरली, डाव्या खांद्यावर जरा खाली पडली, पाठीवरून वळून उचललेल्या टाचेपाशी थांबली. मग दुसरी, पदराच्या काठाची. मग कळशीची. सोळा वर्षं ज्याची तयारी चालली होती ते काम माझ्या पिठल्यावर साय धरायच्या आत संपलं. आडाकडे निघालेली एक पाठमोरी बाई भिंतीवर उभी होती. उभी कसली, चालत होती.

तेवढ्यात ईरक्का विस्तव मागायला आली. भिंतीकडे नजर गेली आणि तिच्या हातातली खापरी गळून पडली. "अगं बया! भागाक्का!" ती म्हणाली. "त्यो खांदा बघा की! कळशी घेतली की असाच पडायचा."

सात नाकांवर जिचं एकमत झालं नव्हतं तिनं पाठ एका नजरेत ओळखली. सासरे मटकन खाली बसले. आणि गोदा भरली कळशी घेऊन दारात आली.

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तोंड कुठाय?"

ईरक्का खापरीचे तुकडे वेचायला लागली.

"सोळा सालं बसलाव आन् पाठ काढलाव?" तिचा आवाज चढला. "जायलेली आई कामून दावताव मला? ती गेलीय हे मला ठाव न्हाई व्हय? येनारी दावा की, अप्पा!"

"बाई, मला जेवढं ठाव हाय तेवढंच वढलो," सासरे म्हणाले, आणि बांधावर मला सांगितलेलं सगळं त्यांनी मान खाली घालून लेकीला सांगितलं. "खोटं नाक लावून दुसऱ्याच बाईला तुझी आई म्हनू का, सांग."

गोदानं कळशी खाली ठेवली. ईरक्काला गप्प राहणं माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "अगं येडे, तू आत्ता आडाकडं गेलीस ती अशीच गेलीस की. त्योच खांदा, तीच टाच."

गोदानं माझ्याकडे पाहिलं. "व्हय हो? खरं?"

आता आली का पंचाईत! मी सुधारलेला नवरा. लग्न झाल्यापासून तिच्या शेजारून चालत आलो होतो. तिची चाल मला तरी कुठं ठाऊक होती? मी म्हटलं, "जरा दारापर्यंत जा बघू." आणि मी आपण होऊन भिंतीकडे सरकलो. गोदा कळशी घेऊन दारापर्यंत गेली. मी भिंतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. डावा खांदा जरासा पडत होता.

"खरं आहे," मी म्हणालो.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली. मग उठून भिंतीपाशी गेली, त्या टाचेवर बोट ठेवलं, रंग ओला होता तो बोटाला लागला. "आई, एकदा मागं बघ की गं," एवढंच म्हणाली. ते बोट तिनं दिवसभर धुतलं नाही.

आम्हाला मुलगी झाली. बारशाला बाया पाळण्याभोवती जमल्या, कुणी म्हणालं बापाचं कपाळ, कुणी म्हणालं काकूची हनुवटी. गोदा ईरक्काकडे बघत होती. ईरक्कानं पोरीला उलटीसुलटी करून पाहिलं आणि निकाल दिला, "तोंडाचं सोडा. चालू द्या, मग सांगते."

त्यावर सासरे वर्षभर वाट बघत बसले. पुढच्या दिवाळीला पोरगी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, गुडघा सोडला, आणि लटपटत दाराकडे निघाली. "सगळे बाजूला व्हा रे!" सासरे असे ओरडले की बैलसुद्धा उठून उभे राहिले. काकू सरकल्या, ईरक्का सरकली, मी तर कधीच सरकलो होतो. पोरगी त्यांच्याकडे पाठ करून चार पावलं गेली, पाचव्याला पडली. सासऱ्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. "आली," ते म्हणत होते, "आली, आली."

हैदराबाद संस्थान गेलं त्याच्या आदल्या साली सासरे गेले. घराच्या वाटण्या झाल्या, ओसरी पुतण्यांकडे गेली, त्यांनी लग्नकार्यासाठी भिंतीला चुना दिला. त्यांचा दोष नाही, त्यांना तिथं एक काळपट बाई दिसायची. आम्ही गेलो तोवर आड, लिंब, पोपट, सगळं पांढरं झालं होतं.

मग आमची पोरगी लग्न होऊन राजेश्वर गावी सासरी निघाली. मांडवाच्या दारातून ती गाडीकडे चालू लागली तसा मी बाप म्हणून, डोळे पुसत, तिच्या मागोमाग निघालो. गोदानं माझी बाही धरून मला मागं ओढलं.

"अवो," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा की."